सणाच्या गोळ्या

बदलापूर गाव
गुरुवार, १२ जून २०२५

बकुळा,

आशीर्वाद पाठवते आहे. घ्यायचे की परत करायचे ते तुझ्या हाती.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. कैलास भावोजींच्या हाती दिलं असतं तर ते रिक्षात बसून आधी त्यांनीच वाचलं असतं, हे तुला आणि मला दोघींना ठाऊक आहे. म्हणून पोस्टाने.

परवा वटपौर्णिमा झाली. उपास नीट पार पडला. सासूबाईंचे गुडघे जेमतेम आहेत, तोंड ठणठणीत आहे. ह्यांची ड्यूटी नेहमीसारखी.

एक विचारायचं होतं. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, इथल्याच, तू त्यांना ओळखत नाहीस. वय शेहेचाळीस. गेले सात महिने त्यांचं तारखांचं काही खरं नाही. आली की दहा-बारा दिवस हटत नाही, आणि गेली म्हणावं तर मधेच डाग. सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर जाड दिसलं आणि आत काहीतरी वाढलंय असं लिहून आलं. स्टेशनकडच्या एका डॉक्टरांनी कागद पाहिला न पाहिला आणि म्हणाले, मुलं मोठी झाली ना, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. बाई घाबरल्या आहेत. पिशवीत भलतंसलतं काही असेल तर, हीही भीती आहे.

भावोजींच्या तोंडून मागे निघालं होतं की किर्तीच्या आधी तुझी दुर्बिणीची तपासणी झाली होती, अंबरनाथ पूर्वेला. ती नेमकी काय असते? पोट फाडतात का? भूल देतात का? आत पुरुष माणूस असतो का? त्या बाईंना दुखण्यापेक्षा ह्याचीच काळजी जास्त आहे. डॉक्टरांचं नाव कळलं तर त्यांच्यावर उपकार होतील.

किर्ती आता दीड वर्षाची. भावोजी फोटो दाखवतात, पण लांबून, फोन हातात देत नाहीत. नाक तुझं आहे एवढं दिसलं.

चार वर्षांपूर्वीच्या गौरीबद्दल मी काही लिहीत नाही. तू विसरली असशील असंही म्हणत नाही.

तुझी मोठी जाऊ


शनिवार, २१ जून

बकुळा,

रविवारी भावोजी आले, सासूबाईंच्या पाया पडले आणि खिशातून डॉक्टरांचं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. म्हणाले, "बकुळाने दिलंय. कोणासाठी ते विचारायचं नाही असं बजावलंय." म्हणजे ओळखलंस. ती बाई मीच.

काल जाऊन आले. डॉक्टर चैत्राली माझ्या भाचीच्या वयाच्या निघाल्या. बाहेर बसले होते तेव्हा वाटत होतं, ही पोर काय सांगणार मला. पण तिने सगळे कागद जमिनीवर पसरावे तसे टेबलावर पसरले, एकेक वाचला आणि मग म्हणाली, "काकू, आत काय आहे ते बघितल्याशिवाय पिशवी काढायचं मी तरी सांगणार नाही. आधी दार उघडून बघू."

तिने कागदावर चित्र काढून समजावलं. पिशवी म्हणजे उलटं ठेवलेलं पेअर. पेन्सिलीहून बारीक नळी, तिच्या टोकाला कॅमेरा आणि दिवा. बाळ जिथून येतं त्याच वाटेने ती आत जाते, म्हणून पोटावर चीर नाही, टाका नाही. पिशवीच्या भिंती एरवी एकमेकींना चिकटून असतात, म्हणून आत सलाइनचं पाणी सोडून ती फुगवतात, मग चारी बाजू पडद्यावर दिसतात. सोनोग्राफी म्हणजे भिंतीपलीकडून अंदाज, आणि हे म्हणजे आत उभं राहून बघणं. बहुतेक पॉलिप असेल म्हणाली. अस्तरावर मऊ कोंब फुटतो तसा. असला तर त्याच वेळी काढायचा आणि तपासायला पाठवायचा. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. धोकाही सांगितला, लपवला नाही: क्वचित भिंतीला इजा, क्वचित ताप. तुलाही असंच सांगितलं होतं का? तुझ्या पिशवीतला तो मधला पडदा काढला तेव्हा?

आत सगळ्या बायकाच असतात हेही विचारून घेतलं. भूल देणारे तेवढे पुरुष आहेत, वयस्कर. "ते तुमच्या तोंडाकडे बघतात काकू, दुसरीकडे नाही," असं म्हणाली. मला हसू आलं. सात महिन्यांत दवाखान्यात पहिल्यांदा.

मग तारखा विचारल्या. मी कॅलेंडरची पानं नेली होती. तुला माहीत आहे माझी सवय, दुधाच्या खाड्यांशेजारी माझे टिंब. मागची तीन वर्षं जपून ठेवली आहेत. तिने भराभर उलटली आणि मधेच विचारलं, "सणासुदीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेता का?"

मी नाही म्हटलं.

तिने पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचं लिहायला लागली. तीन जुलै, गुरुवारची तारीख दिली आहे.

हे एवढं तुला का लिहिलं ते मलाही नीट कळत नाही. पोस्टातली बाई मागच्या वेळी म्हणाली, "सोनिवली? चालत गेलात तरी पत्राच्या आधी पोचाल." मी तिकीट चिकटवत बसले.


शनिवार, २८ जून

बकुळा,

हे पत्र एकटी असताना वाच.

परवापासून मी पुन्हा गोळी सुरू केली आहे. सहा तारखेला एकादशी आहे. मधेच डाग दिसला तर देवाजवळ जाता येणार नाही, म्हणून. तीन तारखेला दुर्बीण आहे हे माहीत असून सुरू केली. काल रात्रीपासून एकच विचार आहे. भुलीतून मी उठलेच नाही तर हे माझ्याबरोबर जाईल, आणि तुला कधीच कळणार नाही.

बावीस वर्षं मी ह्या गोळ्या घेते आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सत्यनारायणाच्या पूजेला सुरू केल्या. मग गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, संक्रांत, महाशिवरात्र, वटपौर्णिमा, कोणाचं लग्न, कोणाची मुंज. वर्षाला आठ-नऊ वेळा तरी. बबनशेठच्या मेडिकलमध्ये मी पायरी चढले की ते विचारतात, "नेहमीचीच ना वहिनी?" आणि कागदात गुंडाळून देतात. चिठ्ठी कधी मागितली नाही, मी कधी दाखवली नाही. पाकीट कुठे ठेवते ते ऐक. देवघरात, कुंकवाच्या डब्यामागे. तिथे दुसरं कोणी हात घालत नाही.

आता गौरीचं.

त्या दिवशी पुरण तू वाटत होतीस. मधेच उठून माझ्या कानाशी आलीस आणि हळूच म्हणालीस, "वहिनी, मला आली." तुला गप्प बसता आलं असतं. कोणाला कळणार होतं? तू खरं बोललीस. आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "पुरणाला हात लावलास? हो बाहेर." अख्खं पातेलं गाईपुढे ठेवलं. मागच्या पडवीत बसून तू आतल्या पंगतीचे आवाज ऐकत होतीस. मी ताटही तुला लांबून सरकवलं.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका बसल्या होत्या तेव्हा तू उंबऱ्याबाहेरून विचारलंस, "वहिनी, एवढ्या वर्षांत तुम्हाला एकदाही सणाला कशी येत नाही हो?"

मी म्हटलं, "मनोभावे केलं की देवी सांभाळून घेते."

अकरा बायका होत्या. तुझ्या मांडीवर तेव्हा मूल नव्हतं. त्या माझ्या वाक्याचा अर्थ कुठे घेऊन गेल्या ते मला त्याच क्षणी दिसलं. एकीने तर मान हलवली. मी एक शब्द बोलून थांबवू शकले असते. माझी गोळी सकाळीच घेऊन झाली होती, बकुळा. त्याच देवीसमोर उभी राहून.

दिवाळीच्या आत तुम्ही सोनिवलीला गेलात. लोकांना मी सांगितलं, त्यांना मोठी जागा हवी होती.

मनात येतं, हे आत जे काही उगवलंय ती त्याचीच शिक्षा असेल. असलीच तर मला तक्रार नाही. पण तुला सांगून मगच.


सोमवार, ७ जुलै

बकुळा,

मंगळवारी दुपारी ह्यांच्या फोनवर तुझा मेसेज आला. हे चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागले: "आधी डॉक्टरला सांगा. माझ्याशी नंतर बोला." मग मला विचारलं, "डॉक्टरला काय सांगायचंय?" मी म्हटलं, बायकांचं आहे. ते लगेच पेपरात शिरले.

चार वर्षांनी तुझी दोन वाक्यं. मी ती फोनमध्ये परत परत उघडून बघितली.

बुधवारी गेले. खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं, नाहीतर धीर सुटला असता. गोळ्या घेते, बावीस वर्षं, आणि आत्ताही चालू आहेत. वाटलं, आता ही ओरडणार. तर ती म्हणाली, "मला अंदाज होता. तुमच्या कॅलेंडरवर एकाही सणाच्या आसपास टिंब नाही. आणि निम्म्या बायका पहिल्या दिवशी नाहीच म्हणतात."

मग नीट सांगितलं. गोळ्या चालू असताना अस्तराचा तुकडा घेतला असता तर तपासणीत गोळ्यांचाच परिणाम दिसला असता आणि खरं काय ते झाकलं जाण्याची भीती होती. म्हणजे तुझा तो मेसेज आला नसता तर मी खोट्या तुकड्यावर खरा रिपोर्ट मागत बसले असते. तिने तारीख रद्द केली. गोळी बंद. पाळी येऊ दे, सात-आठ दिवसांनी अस्तर पातळ असतं, तेव्हा सगळ्यात स्पष्ट दिसतं. मग करू.

मी विचारलं, "ह्या गोळ्यांनीच झालं का हे?"

"तसं म्हणता येणार नाही. ज्यांनी आयुष्यात गोळी पाहिली नाही त्यांनाही पॉलिप होतो. पण तुमचं रक्त कधी येतंय, किती येतंय, हे गोळ्यांमुळे ना तुम्हाला कळलं ना आम्हाला. तुम्ही सात महिन्यांपूर्वी यायला हवं होतं."

"आणि शिक्षा?"

"त्याचा रिपोर्ट आमच्या लॅबमध्ये निघत नाही काकू."

गोळी बंद केल्यावर शनिवारी आली. एकादशीच्या आदल्या दिवशी, बरोबर. चांगली भरभरून. काल पहाटे मी अंघोळ करून देवघरापर्यंत गेले आणि बाहेरच थांबले. सासूबाई माळ घेऊन बसल्या होत्या. म्हटलं, "मला आली आहे. देवाचं ह्यांना करू दे."

त्यांची माळ थांबली. "तुला? एकादशीला?"

"हो."

मग तिथेच भिंतीला टेकून बसले आणि सगळं सांगितलं. गोळ्या, बबनशेठ, कुंकवाचा डबा, गौर, तू. ह्यांनी ओवाळायचं तबक हातात धरलं होतं, ते तसेच उभे. सासूबाईंनी माळ बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "मला काय कळत नव्हतं होय? वीस वर्षं घरात बाई आहे आणि एका सणाला अडत नाही, असं कुठल्या घरात असतं? माझा सैपाक सुटत होता, मी गप बसले." आणि मग, थोड्या वेळाने, "आमच्या येळेला असत्या तर मीपण खाल्ल्या असत्या."

ह्यांनी दिवा लावला. तीन काड्या लागल्या, वात तेलात बुडवून टाकली, घंटा उजव्या हातात की डाव्या ते विचारलं. मी लांबून हात जोडले. बकुळा, लग्नानंतर पहिल्यांदा मी देवासमोर खरं काय ते घेऊन बसले होते. लांब होते, पण खरं होतं. त्यात जे हलकं वाटलं ते तुला लिहून सांगता येत नाही.

दुर्बीण शनिवारी, बारा तारखेला.


सोमवार, १४ जुलै

बकुळा,

झालं. मी आहे.

आदल्या रात्रीपासून पाणीही नाही. सकाळी साडेसातला पोचलो. नर्सने मंगळसूत्र काढून ह्यांच्याकडे दिलं तर ते त्यांनी शर्टाच्या खिशात टाकलं, आणि दिवसभर खिशावर हात ठेवून बसले. लोकांना वाटलं असेल ह्यांच्याच छातीत दुखतंय.

भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "कोणाचं नाव घ्यायचं असेल तर घ्या." मी देवीचं घेतलं. मग मधेच तुझं आलं, का ते माहीत नाही. तिथपर्यंत आठवतं. जागी झाले तेव्हा वाटलं अजून सुरू व्हायचंय. नर्सला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "काकू, पाऊण तास झाला उरकून. चहा पिणार का थोड्या वेळाने?" ओटीपोटात पाळीत दुखतं तेवढंच दुखत होतं, थोडं रक्त. भीती वाटली होती त्याच्या पासंगालाही नाही.

दुपारी डॉक्टर चैत्रालीने पडद्यावर चित्र दाखवलं. हे बाहेर जायला निघाले, तर ती म्हणाली, "काका, बसा. तुमची मुलं इथेच राहिली होती." मग बसले.

मला वाटायचं आत नुसता अंधार असेल. अंबरनाथच्या देवळात पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जाताना पहिल्यांदा काही दिसत नाही, तसं. तर आत गुलाबी होतं, ओलसर, दोन कोपऱ्यांत दोन बारीक छिद्रं. तिथून नळ्या सुरू होतात म्हणाली. आणि उजव्या भिंतीवर एक लोंबणारा कोंब, करवंदाएवढा. पाण्यात हलत होता. सात महिने माझी झोप घालवली ती ह्याने. पुढच्या चित्रात तो नव्हता. मुळाशी कापून काढला, जागा स्वच्छ, आणि अस्तराचाही तुकडा घेतला.

"दिसायला साधा वाटतो," ती म्हणाली. "पण दिसण्यावर मी शब्द देत नाही. आठवड्याने रिपोर्ट."

रिक्षातून येताना हे एकदम म्हणाले, "एवढीशी जागा असते?"

तू शनिवारी भावोजींना तीनदा फोन करून विचारलंस, हे मला भावोजींनीच सांगितलं. मला सांगू नका म्हणालीस तेही सांगितलं.


मंगळवार, २२ जुलै

बकुळा,

काल रिपोर्ट आला. पॉलिप साधा. अस्तरात काही वाईट नाही. पिशवी काढायची गरज नाही. डॉक्टरने तीन वेळा सांगितलं, कारण मी तीन वेळा विचारलं. आता पाळी आपल्या वेळेला येईल तशी येऊ द्यायची, जास्त गेली किंवा मधे डाग दिसला तर यायचं, एरवी तीन महिन्यांनी. कोणतीही गोळी तिला विचारल्याशिवाय नाही.

घरी येऊन आधी पाकीट काढलं. सासूबाई म्हणाल्या, "दे इकडे," आणि उरलेल्या सगळ्या गोळ्या स्वतः मोरीत फोडून टाकल्या, एकेक, मटार सोलावे तशा. बबनशेठना मी सांगून आले, ह्यापुढे मला देऊ नका. ते म्हणाले, "आता काय, बंद झाली का वहिनी?" दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, "नाही, आता सुरू झाली."

आता जे लिहायचं आहे ते.

एक सप्टेंबरला गौरीपूजन. डॉक्टरच्या हिशोबाने माझी तारीख तिथेच कुठेतरी येते. काल रात्री जेवताना मी हे सगळ्यांसमोर काढलं. हे म्हणाले, "मग नैवेद्य?" सासूबाईंनी भाकरी मोडता मोडता म्हटलं, "गौर माहेरी येते. लेक माहेरी आली तर तिला उंबऱ्यात उभं करून तारीख विचारतं का कोणी?" आणि भाजी मागितली.

मला त्यांच्याइतकं सोपं जाणार नाही. सोवळं माझ्या हाडात आहे. मी पुरणाला हात लावीन की लावणार नाही ते मला आज खरंच सांगता येत नाही, आणि तुला खोटं काही लिहायचं नाही असं ठरवलं आहे. स्वयंपाकाला तुला बोलावत नाही. तेवढी निलाजरी मी नाही. पुरण ह्यांना शिकवते आहे, रविवारी पहिलं पातेलं करपलं.

पण त्या अकरा जणींना मी सगळ्यांना बोलावणं धाडलं आहे. दोघी मुंबईला गेल्या, त्यांनाही कळवलं. हळदीकुंकवाला बसल्या की मी उभी राहून सांगणार आहे, देवीने मला कधीच सांभाळून घेतलं नव्हतं, मी गोळी खात होते. आणि त्या दिवशी घरात खरं बोलणारी एकटी बकुळा होती. शब्द पाठ करून ठेवले आहेत. सासूबाईंना म्हणून दाखवले, त्या म्हणाल्या मोठ्याने म्हण, तेव्हा मोठ्याने म्हणाली होतीस.

तू यावंस असं मला वाटतं. किर्तीला आणलंस तर मला बघायला मिळेल, पण ते माझं झालं, त्यासाठी येऊ नकोस.

नाही आलीस तरी मी तेच सांगणार आहे. फक्त ते तुला ऐकायला मिळणार नाही.

तुझी मोठी जाऊ